दाव्याला गेलेली गाय

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हे मिरवण्यासाठी लिहीत नाही. घरात येणाऱ्या पैशाच्या दोन वाटा होत्या आणि त्यातली एक माझ्या फीकडे जात होती, हे आधी सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही, म्हणून लिहितो.

वडील नंदुरबारला जीनमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. कापसाचा हंगाम असेल तोवर काम. हंगाम सरला की मिळेल ते. आमचं गाव तिथून तासाभराच्या पायवाटेवर. ते पहाटे भाकरी बांधून निघत आणि दिवस मावळता मावळता भुवयांवर, मिशांवर कापसाचे तंतू घेऊन परत येत. त्यांच्या मजुरीवर घर चालायचं आणि मायच्या गाईवर माझं कॉलेज. गाय मायचीच म्हणायची. तिच्या माहेरून ती कालवड म्हणून आली होती आणि मायनंच तिला वाढवलं होतं. सकाळचं दूध वडील जाताना घेऊन जात आणि नंदुरबारच्या स्टेशनाजवळ एका हॉटेलवाल्याला घालत. त्या दुधातला थेंब आमच्यापैकी कुणी पीत नसे. बहिणीला एकदा ताप आला तेव्हा मायनं तिला वाटीभर दिलं. त्या दिवशी दूध कमी का, हे हॉटेलवाल्याला सांगताना वडिलांना फार अवघड गेलं म्हणे. दुधात पाणी घालून तेवढंच दाखवावं हे दोघांनाही सुचलं नव्हतं, की सुचूनही करवलं नव्हतं, ते मला माहीत नाही.

काटकसर हा शब्द मला शाळेच्या पुस्तकात भेटला. घरी त्या गोष्टीला वेगळं नाव नव्हतं. काडी वाचावी म्हणून शेजारून विस्तव आणायचा. चिमणी जेवण होईपर्यंतच जळायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा असला तर भाजी नाही आणि भाजी असली तर ठेचा नाही. मी कॉलेजसाठी अमळनेरला राहत होतो तिथेही घरचंच पीठ यायचं. स्टेशनवरचा एक ओळखीचा हमाल ती पिशवी गाडीत चढवून द्यायचा. माझी अंगावरची पँट कॉलेजपुरती होती. खोलीवर आलो की घडी घालून ठेवायची आणि धोतर नेसायचं. पुस्तकं दुसऱ्यांची वाचायची, तीही ज्याला घाई नाही अशाची. एवढं सगळं नीट बसलं होतं. नीट बसलं होतं म्हणजे त्यात एक बोट घालायला जागा नव्हती.

लढाई नुकतीच संपली होती, पण महागाई संपली नव्हती. नाताळच्या सुट्टीत मी घरी आलो होतो. सुट्टी संपली की पुढच्या सहामाहीची फी भरायची होती आणि ते पैसे मायनं साठवलेले होते. ज्वारीच्या कणगीत, फडक्यात बांधून. मी आल्या दिवशीच तिनं मला फडक्यावरून हात फिरवायला लावला. नाणी मोजायची नाहीत, फक्त आहेत हे हाताला कळू द्यायचं.

आमच्याकडे ज्वारी कापून झाली की ओलीवर राहिलेल्या खोडांना पुन्हा कोवळे, हिरवेगार फुटवे येतात. दिसायला फार गोड दिसतात. गुरांना ते विष असतं. प्रत्येक गुराख्याला हे माहीत असतं आणि आमच्या गुराख्यालाही होतं. पण वीस-पंचवीस गुरांतलं एक कुणाच्या तरी शेतात किती वेळ वळलं, हे त्याला तरी कसं दिसावं? त्या दिवशी गुरं घरी परतली तेव्हा गाय दारात येऊन थबकली. मायनं तिला आत घेतलं, खुंट्याला बांधलं, वैरण टाकली. गाईनं वैरणीकडे पाहिलंही नाही. मग तिच्या तोंडाला फेस आला आणि मागचे पाय थरथरू लागले.

मायनं घरात होता तेवढा गूळ पाण्यात कालवला. मी गाईचं तोंड धरलं आणि मायनं नळीनं गूळपाणी आत ओतलं. अर्धं बाहेर आलं. शेजारचे काका आवाज ऐकून आले. काका म्हणजे आमच्या जातीच्या पंचांपैकी एक, वयानं मोठे, फार न बोलणारे. त्यांनी गाईकडे पाहिलं, तिच्या पोटाला हात लावला आणि मायला सांगितलं की आता दावं सोडून टाक.

त्यांचं सांगणं आम्हा सगळ्यांना कळलं होतं. आमच्यात गाय दाव्याला बांधलेली असताना मेली तर घरावर गोहत्येचा दोष येतो. ती मोकळी असताना मेली तर तिचं मरण तिचं. म्हणून जनावर वाचत नाही असं दिसलं, की माणसं आधी गळ्यातलं दावं काढतात, मग रडतात. हे लहान मुलालाही ठाऊक असतं.

मायनं दावं काढलं नाही. काकांनी दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ती गाईच्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "दावं सोडं का मंग आपनच तिले 'जाय' म्हनी दिधं. ती आजून उभी शे ना, जिभाऊ?"

गाय खरंच अजून उभी होती. मी तरी काय म्हणणार होतो? मलाही वाटत होतं की गूळपाणी पोटात गेलंय, आता ती सावरेल. आणि मग गाय एकदम बसली नाही, तर कोसळलीच. दावं ताणलं गेलं, खुंटा हलला आणि तिचे डोळे वर गेले. मी गाठीकडे धावलो. ताणलेली गाठ सुटेना. सुटली तेव्हा गाय हलत नव्हती.

वडील आले ते अंगणात उभेच राहिले. अजून अंधार पडला नव्हता. बहीण म्हणाली की दावं आता सुटलंय, कुणाला काय कळणार आहे? मायनं ते दावं उचललं आणि काकांच्या पायाशी नेऊन ठेवलं. "आते सोडीसन काय व्हई?" एवढंच ती म्हणाली. काकांनी सगळं पाहिलं होतं आणि काका खोटं बोलणारे नव्हते. तिला ते आमच्याहून लवकर कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी जातीचे पंच मारुतीच्या पारावर बसले. त्यांचं वागणं वाईट होतं असं मी म्हणणार नाही. रीत होती ती त्यांनी सांगितली. घरातल्या एका पुरुषानं गळ्यात तेच दावं अडकवून पाच गावांत भिक्षा मागायची. तेवढे दिवस माणसाची भाषा बोलायची नाही, दारात उभं राहून फक्त गाईसारखं हंबरायचं. कुणाच्या घरात झोपायचं नाही. मग प्रकाश्याला तापीत आंघोळ, तिथल्या ब्राह्मणाला दक्षिणा, आणि घरी येऊन जातीला जेवण. तोवर आमच्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही.

वडील हात जोडून जेवणाबद्दल बोलू लागले. गोड नको, वरण-बट्टी चालेल का, असं त्यांनी विचारलं. त्यावर एक पंच म्हणाले की गोडाचं नावच काढू नका, साखर सरकारनंच खाऊन टाकलीय. सगळे हसले, वडीलही हसले. पण गहू आणि तूप यांशिवाय भागणार नव्हतं आणि लढाईनंतर गव्हाचं नाव काढलं तरी लोक भाव सांगायचे. वडिलांनी आणखी थोडी सूट मागितली. तेव्हा जीनच्या वाटेवर नेहमी त्यांच्याबरोबर चालणाराच एक जण म्हणाला:

"पोऱ्याले कालेजमा धाडाले पैसा शेतस, आनि गायनं पाप फेडाले नही शेतस का?"

वडिलांनी खाली पाहिलं. मीही तिथेच, पाराच्या खाली उभा होतो. पुढे त्यांनी काही मागितलं नाही.

बहिणीचं लग्न रनाळ्याच्या एका घरी ठरलेलं होतं. घर वाळीत पडलं तर ते मोडलं असतं, हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण त्यामुळेच ‘नाही’ म्हणायचा प्रश्नच नव्हता. प्रश्न एवढाच होता की जायचं कुणी. वडील म्हणाले, "मी गऊ ते जीनमा मन्ही जागा दुसरा कोनी लई लेई." हंगाम भरात होता, फाटकाबाहेर रोज माणसं बसलेली असत. मी म्हणालो की मी जातो, मला सुट्टीच आहे. हे मी फार सहज बोललो. माझ्या मनात एक हिशेब होता, तो सांगून टाकतो. भिक्षेत आलेलं धान्य जेवणालाच वापरायचं असतं. मी जितकं जास्त आणेन तितकं कणगीतलं फडकं कमी सुटेल. चांगलं धान्य मिळालं तर कदाचित फी तशीच राहील. मी स्वतःच्या फीसाठी भिक्षा मागायला निघालो होतो, असंही म्हणता येईल.

मायनं दावं माझ्या गळ्यात अडकवलं तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ते अजून गाईच्या अंगाच्या वासाचं होतं.

पहिल्या गावात पहिल्या दारासमोर माझा आवाजच निघेना. मी इंग्रजी निबंध वाचून दाखवताना अडखळायचो, तसाच अडखळलो. घरातली बाई बाहेर आली, गळ्यातलं दावं पाहिलं, आत गेली आणि ओंजळभर ज्वारी झोळीत टाकून गेली. काही विचारलं नाही. तेव्हा कळलं की मला समजावून सांगण्याची गरजच नाही. हे सगळ्यांना येतं. पुढच्या दारी हंबरलो. ते हंबरणं फार पातळ, खोटं वाटलं. पोरं मागे लागली आणि माझी नक्कल करू लागली. त्यांचं हंबरणं माझ्यापेक्षा खरं होतं.

माझे केस इंग्रजी वळणाने कापलेले होते आणि गावंही फार दूरची नव्हती, त्यामुळे मी कोण हे दुसऱ्या गावापासून माझ्याआधीच पोचत होतं. एका चावडीवर चिलीम ओढत बसलेल्या म्हाताऱ्यानं अगदी प्रेमानं विचारलं, "कालेजमा हाईच शिकाडतस का रे भाऊ?" बाकीचे हसले. मला उत्तर द्यायचं नव्हतं, देता येत नव्हतं आणि ते एका परीनं बरं होतं. त्यानं मात्र नंतर मला हाक मारून आपल्या कंबरेचा एक आणा झोळीत टाकला.

झोळीत काय पडतंय ते मी चालता चालता हातानं चाचपायचो. ज्वारी, बाजरी, कुठे मूठभर तूरडाळ. गहू जवळजवळ नाहीच. गहू कोण देणार? स्वतः खात नाहीत ते झोळीत कसं टाकतील? रात्री देवळाच्या ओट्यावर निजायचो आणि सकाळी थंडीनं बोटं वळत नसत. भाकरी कुणी दिली तर खायची. मी बोलत नसल्यामुळे आतल्या आत फार बोलत होतो. एवढं धान्य विकलं तर एवढे गहू येतील, मग तूप कुठून, तुपाला काका मदत करतील का. सारखं हेच. प्रायश्चित्ताचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. गाईचा आला, पण तो दूध म्हणून आला.

रनाळे शेवटचं ठेवलं होतं. मोठं गाव, बऱ्यापैकी शेतकरी. तिथे गहू मिळेल अशी आशा होती. आणि तिथेच बहिणीच्या होणाऱ्या सासरचं घर. ते दार चुकवायचं ठरवून मी दुसऱ्या आळीनं गेलो. पण पोरांचा घोळका पुढे पुढे पळत होता आणि कुणीतरी बातमी नेली. मी विहिरीजवळ पोचलो तर बहिणीची होणारी सासू तिथे उभी होती. तिच्या हातात सूप होतं, आणि ते भरून गहू होते.

मी हंबरलो. तिच्यासमोर हंबरताना जे वाटलं ते मला लिहिता येत नाही.

तिनं सबंध सूप झोळीत ओतलं. मग अगदी हळू म्हणाली, "बोलू नको. निस्तं आयक. पंगतले आम्ही बठ्ठा येसूत. आम्ही तुमना घर जेवनूत ते मंग कोनी काही बोलाव नही."

त्या बाईचं मन मोठं होतं, हे मला तेव्हाही कळलं. रनाळ्याचे सगळे आमच्या अंगणात बसून जेवले, तर लग्नाबद्दल कुणी शब्द काढणार नाही. तिला तेच सांगायचं होतं. मी तिच्या पाया पडलो. आणि पाया पडत असतानाच मी माणसं मोजत होतो. त्यांचे भाऊबंद, त्यांच्या घरच्या बाया, पोरं, गाड्या हाकणारे. सूपभर गहू आणि गाड्या भरून पाहुणे. बहिणीचं लग्न वाचलं होतं आणि माझी फी तिथे, त्या विहिरीपाशी संपली होती. या दोन्ही गोष्टी एकाच तोंडातून, एकाच वाक्यात आल्या. मी रडलो असेन. बाईला वाटलं असेल, उपकारानं रडतोय. ते खोटंही नव्हतं.

प्रकाश्याला तापीचं पाणी बर्फासारखं होतं. ब्राह्मणानं गळ्यातलं दावं काढून नदीत सोडायला सांगितलं, मंत्र म्हटले, आणि आता बोल म्हणाला. मला काय बोलावं सुचेना. मग त्यानं दक्षिणेची आठवण करून दिली तेव्हा मी पहिला शब्द बोललो तो म्हणजे "किती?" त्यानं आकडा सांगितला. म्हाताऱ्याच्या आण्यासकट झोळीत पडलेली सगळी नाणी मी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि उचलून घेतली. वाद घातला नाही, हे त्याचे उपकार.

घरी आलो तेव्हा मी रनाळ्याचं सांगितलं. वडिलांनी कणगीत हात घातला आणि फडकं काढून माझ्यासमोर ठेवलं. माझ्या पाठीमागे घेतलं असं व्हायला नको म्हणून असेल. "भाऊ, जूनमा परत भरसूत," ते म्हणाले. मी मान हलवली. जून म्हणजे पुन्हा तोच वर्ग, पहिल्यापासून. हे त्यांना माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. त्यांना कॉलेज म्हणजे मोटारीच्या रस्त्यासारखं वाटत असावं. जिथे उतरलास तिथूनच पुन्हा चढायचं.

जेवण चांगलं झालं. काकांनी आपली मोठी पातेली दिली आणि तूपही थोडं दिलं. बट्ट्या कमी पडल्या नाहीत. रनाळ्याची मंडळी दोन गाड्यांतून आली आणि सगळ्यांच्या आधी पंगतीला बसली. ज्यानं पारावर टोमणा मारला होता तो वाढायला पुढे होता. दोनदा माझ्याजवळ येऊन त्यानं आग्रह केला. मी जेवलो. भूक होतीच. माय आत चुलीपाशी होती आणि पंगत उठेपर्यंत बाहेर आली नाही.

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी मी वडिलांबरोबर जीनकडे निघालो. फाटकाबाहेर बसणाऱ्यांत बसलो. आठवड्यानं मला घेतलं. आत कापसाचं इतकं धुकं असतं, की समोरच्या माणसाचा चेहरा नीट दिसत नाही आणि संध्याकाळी थुंकलं तर पांढरं पडतं. वडील इतकी वर्षं हेच नाकात घेऊन घरी येत होते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. जून अजून लांब होता आणि दोघांची मजुरी मिळूनही, गाय नसताना, फडक्यात काही उरत नव्हतं. दुधाची जागा कशानंच भरली जात नव्हती.

तेव्हा मायनं एक दिवस सांगितलं की ती नंदुरबारला मिरच्यांच्या कामावर जाणार आहे. वाळल्या मिरच्यांची देठं काढायची, ते काम बाया करत. पण आमच्या भावकीतली एकही बाई कधी मजुरीला गेली नव्हती. गरिबी असली तरी तेवढं एक आम्ही सांभाळून होतो. वडील पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. लोक काय म्हणतील ते त्यांनी सांगितलं, काकांचं नाव घेतलं, रनाळ्याचं नाव घेतलं. मायनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दावं मी नही सोडं. मन्हाच हातनं भरानं शे."

मी तिला म्हणायला हवं होतं की चूक तुझी नव्हती. पण ते म्हणणं पुस्तकी वाटलं असतं, कारण तिच्या जगात ती चूक होती आणि तिची किंमत आम्ही सगळ्यांनी नुकतीच वाटून घेतली होती. ती दुसऱ्या दिवशी पदर नाकावर बांधून आमच्या मागोमाग निघाली, दहा पावलं अंतर ठेवून.

उन्हाळाभर आम्ही तिघं त्याच वाटेनं गेलो-आलो. मायच्या हातांची आग रात्रभर जात नसे. हात ताकात बुडवून ठेवावेत म्हटलं, तर ताक घरात नव्हतं. शेजारून मागावं तर तिला आवडत नसे. मातीच्या ओल्या गोळ्यात बोटं खुपसून बसायची. भाकऱ्या बहीण थापायला लागली, कारण मायच्या हातची भाकरी तिखट लागायची.

जूनमध्ये फी भरली. कशी जमली ते सांगत बसत नाही. पुन्हा पहिल्यापासून तोच वर्ग, तेच धडे. माझ्याबरोबरची मुलं पुढे गेली आहेत आणि कॉलेजच्या ओवरीत भेटली की विचारतात, आजारी होतास का. मी हो म्हणतो. हे लिहितानाही पुढची फी कुठून येणार ते मला माहीत नाही. मायची चिठ्ठी येत नाही, तिला लिहिता येत नाही. पिठाची पिशवी मात्र येते.

जूनमध्ये मी निघालो त्या दिवशी वडील आधीच जीनवर गेले होते. माय कामावर जायला उशीर करून दारात थांबली होती. मी पाया पडलो. इतर वेळी ती दोन्ही हात माझ्या चेहऱ्यावरून फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडते. त्या दिवशी तिचे हात वर आले आणि मधेच थांबले. तिखट माझ्या डोळ्यांत जाईल म्हणून तिनं ते पाठीमागे घेतले, आणि कोपरानं मला हलकेच पुढे ढकललं.

"जाय, भाऊ. गाडी चुकी जाई."